कचेरींतील पोशाख आणि त्याचे नियम

कचेरी आणि पोशाख यांचें नातें मराठी भाषेनें फार पूर्वींच टिपून ठेविलें आहे. साहेबाच्या खोलीबाहेर बसणाऱ्या सेवकास मुंबई इलाख्यांत पट्टेवाला म्हणत, तें त्याच्या खांद्यावरून छातीवर आडव्या आलेल्या पट्ट्यावरून. चपरासी हा शब्दही चपरास, म्हणजे पितळेचा बिल्ला, यावरून निघाला. तो निरोप पोंचवी, दप्तरें वाही, कुलपें उघडी. परंतु या कामांपैकीं एकाचाही त्याच्या नांवांत मागमूस नाहीं. सरकारनें अंगावर चढविलेली खूण तेवढी नांवांत राहिली. आंत टेबलाशीं बसून खर्डेघाशी करणारा तो पांढरपेशा. त्यास कोणीं गणवेश दिलेला नव्हता. तरी पण धुतलेलें धोतर, बंद गळ्याचा कोट आणि डोक्यावर काळी टोपी यांवांचून तो कचेरीची पायरी चढत नसे, आणि बोडक्या डोक्यानें साहेबापुढें उभें राहण्याची कल्पनाही त्यास सहन झाली नसती. पट्टेवाल्याचा पट्टा सरकारी खर्चानें येई. कारकुनाचा कोट त्याच्या तुटपुंज्या पगारांतून शिवला जाई. न लिहिलेला नियम लिहिलेल्या नियमापेक्षां महाग पडतो, तो असा.

आतां धोतर गेलें, टोपी गेली, पुष्कळ कचेऱ्यांतून कोटही गेला. प्रश्न मात्र गेलेला नाहीं. कामावर येतांना नोकरानें काय घालावें आणि काय घालूं नये, याविषयीं दर दोन-चार वर्षांनीं एखादें परिपत्रक निघतें, वृत्तपत्रांतून त्याची थट्टा होते, कर्मचारी कुरकुर करतात, वरिष्ठ शिस्तीचा हवाला देतात, आणि कांहीं महिन्यांनीं तें परिपत्रक दप्तरांत जाऊन पडतें. एवढ्याशा गोष्टीचा एवढा गाजावाजा कशाला, असें कित्येकांस वाटतें. पोशाखाचा नियम ही हेडक्लार्कनें मधल्या सुटींत अर्ध्या पानावर लिहून टाकण्याची बाब आहे, अशी पुष्कळ व्यवस्थापकांची समजूत असते. मागील दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर या समजुतीस कोठेंच आधार सांपडत नाहीं. माणसाच्या अंगावरील वस्त्रास हात घातला कीं त्याच्या मानापमानास हात लागतो, आणि तो लागला हें नियम करणाऱ्यास बहुधा सर्वांच्या शेवटीं कळतें.

या इतिहासांतील सर्वांत बोलकें प्रकरण जोड्यांचें आहे. घरांत किंवा देवळांत शिरतांना पायांतील जोडा बाहेर काढावयाचा आणि डोक्यावरचें पागोटें तसेंच ठेवावयाचें, ही या देशांतील रीत. युरोपियनांची रीत नेमकी उलटी: टोपी काढावयाची, बूट पायांत राहूं द्यावयाचे. एकाचा आदर पायाशीं, दुसऱ्याचा डोक्याशीं. इंग्रजांचें राज्य येथें स्थिर झालें तेव्हां आदर कोणत्या टोंकानें दाखवावयाचा हा प्रश्न उभा राहिला आणि राज्यकर्त्यांनीं तो आपल्या सोयीनें सोडविला. गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲम्हर्स्ट यानें १८२८ पर्यंतच्या आपल्या कारकीर्दींत, समोर येणाऱ्या हिंदी माणसानें जोडे काढून यावें, असा आग्रह धरला. तो फारसा कडकपणें पाळला गेला नाहीं. पुढें लॉर्ड डलहौसीच्या वेळीं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, तो कडक झाला. सरकारी कचेरींत पाऊल टाकणाऱ्या हिंदी माणसानें जोडे दाराशीं सोडावे. सूट फक्त त्यास, जो युरोपियन पद्धतीचा पोशाख करून येईल.

या सुटींतच सगळी गोम होती. एखादा प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या घरंदाज पोशाखांत, पायांत उत्तम पुणेरी जोडा घालून आला तर त्यास अनवाणी आंत जावें लागे. तोच गृहस्थ विलायती बूट आणि पाटलोण चढवून आला तर त्यास कोणी अडवीत नसे. ज्यास आपला मान राखावयाचा असेल त्यानें आपला पोशाख सोडावा, असा त्या नियमाचा सरळ अर्थ होता. नियम जोड्यांविषयीं आहे असें दिसे. वास्तविक तो माणसांविषयीं होता.

१८६२ सालीं सुरतेच्या फौजदारी अदालतींत या नियमाशीं एका माणसाची गांठ पडली. माणेकजी कावसजी एंटी हे तेथें असेसर होते. सेशन्स जज्जाच्या न्यायासनापुढें येतांना जोडे काढावे असें त्यांस सांगण्यांत आलें, कारण वरिष्ठांचा आदर करण्याची हिंदी रीत तीच, असें जज्जाचें म्हणणें. माणेकजींनीं जोडे काढण्याचें साफ नाकारलें. त्यांस न्यायालयांत प्रवेश बंद झाला. त्यांनीं मुंबईच्या गव्हर्नराकडे निषेधाचें पत्र पाठविलें. त्यानंतर जो वाद माजला त्यांत हिंदी लोकांच्या बाजूनें दिलेलें उत्तर आजही वाचनीय आहे. घरांत आणि देवळांत जोडे काढतात तें एक तर रस्त्यावरची घाण आंत येऊं नये म्हणून, आणि दुसरें, चामड्याचा विटाळ नको म्हणून. न्यायालय हें कोणाचें घर नव्हे आणि देऊळही नव्हे. ती सार्वजनिक जागा आहे. तेथें हीं दोन्ही कारणें लागूच पडत नाहींत. हा युक्तिवाद बिनतोड होता; तरी न्यायालयांत जोड्यांसह जाण्याची मोकळीक मिळण्यास पुढें पुष्कळ वर्षें लोटावीं लागलीं.

त्या जज्जावर अन्याय होऊं नये म्हणून एवढें सांगितलें पाहिजे कीं, तो ज्या रीतीचा दाखला देत होता ती रीत खरी होती. जोडे काढून आदर दाखविण्याची चाल या देशांत होतीच. परंतु जो आदर माणूस आपखुशीनें देतो, तोच दाराशीं शिपाई उभा करून वसूल करूं लागलें म्हणजे तो आदर रहात नाहीं, जकात होते. आजच्या कचेऱ्यांतून 'आपली संस्कृति' या नांवाखालीं पोशाखाचे जे नियम सुचविले जातात, त्यांपैकीं निम्मे तरी याच जातीचे असतात.

जोड्यांनंतर पागोट्याची पाळी आली, तीही समुद्रापलीकडे. १८९३ सालीं मोहनदास करमचंद गांधी हे तरुण बॅरिस्टर दक्षिण आफ्रिकेंत दरबान येथें उतरले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशींच तेथील न्यायालय पाहावयास गेले. मॅजिस्ट्रेटनें त्यांस पागोटें काढण्यास सांगितलें. ते उठून बाहेर पडले. तेथील वहिवाट अशी होती कीं, मुसलमानी पोशाख करणाऱ्यानें पागोटें ठेवलें तर चाले. इतर हिंदी लोकांनीं तें काढावें. पुढील वर्षीं त्यांस नाताळच्या सर्वोच्च न्यायालयांत वकिलीची सनद मिळाली, तेव्हां मुख्य न्यायाधीशांनींही पागोटें काढण्यास सांगितलें. आणि या वेळीं त्यांनीं तें काढलें. त्यांच्या मित्रमंडळींस हें मुळींच रुचलें नाहीं. गांधींचें म्हणणें असें कीं, आतां ते त्या न्यायालयांत वकिली करणारे झाले आणि वकिलांच्या पोशाखाचा नियम सर्व वकिलांस सारखा आहे. शिवाय आपलें बळ मोठ्या लढ्यांसाठीं राखून ठेवावयाचें आहे.

या दोन प्रसंगांत एका वर्षाचें अंतर आहे, परंतु नियम नियमांत किती फरक असतो हें त्यांवरून जितकें स्पष्ट होतें तितकें एखाद्या व्याख्यानानें होणार नाहीं. पहिला नियम माणसाची जात व देश पाहून लावलेला होता. दुसरा नियम कामाचा होता. जो कोणी तें काम पत्करील, मग तो गोरा असो कीं काळा, त्यास तो बंधनकारक. पहिल्यापुढें वाकणें त्यांस अशक्य वाटलें; दुसरा त्यांनीं थोड्या कष्टी मनानें कां होईना, मानला.

पुढें असहकाराच्या दिवसांत त्यांच्याच नांवाची पांढरी टोपी कांहीं न्यायालयांतून व सरकारी कचेऱ्यांतून निषिद्ध ठरली. सव्वा हात खादीच्या त्या तुकड्यास साम्राज्य भ्यालें, असें त्या वेळीं लोक गमतीनें म्हणत. काळाची थट्टा अशी कीं, ८ डिसेंबर २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें आपल्या नोकरांच्या पोशाखाविषयीं जें परिपत्रक काढलें, त्यांत आठवड्यांतून निदान एकदां, शुक्रवारीं, खादी वापरावी असें सांगितलें होतें. ज्या कापडास एका सरकारनें दाराबाहेर ठेवलें, त्यासच दुसऱ्या सरकारनें शुक्रवारचें आमंत्रण दिलें.

त्या परिपत्रकाचा थोडा अधिक विचार केला पाहिजे, कारण मराठी घरांतील कित्येक मंडळींस त्याचा प्रत्यक्ष अनुभव आहे. मंत्रालयांत व इतर शासकीय कार्यालयांत कांहीं अधिकारी व कर्मचारी, विशेषतः कंत्राटी नोकर आणि सल्लागार, शोभेल असा पोशाख करीत नाहींत आणि त्यामुळें जनमानसांत शासनाविषयीं वाईट समज होतो, असें त्याचें कारण दिलेलें होतें. स्त्रियांनीं साडी, सलवार किंवा चुडीदार कुर्ता, अगर पाटलोण व त्यावर कुर्ता किंवा शर्ट घालावा. पुरुषांनीं शर्ट आणि पाटलोण. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत. टी-शर्ट नको, जीन्स नको, पायांत स्लिपर नको. यांपैकीं जीन्सवरील बंदी २०२१ सालीं उठविण्यांत आली; टी-शर्टवरील राहिली.

जीन्सचें हें उठणें-बसणें मोठें मनोरंजक आहे. जाड सुती कापडाच्या, तांब्याच्या खिळ्यांनीं शिवण घट्ट केलेल्या त्या विजारीचें पेटंट अमेरिकेंत १८७३ सालीं लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस नांवाचा एक शिंपी यांनीं घेतलें. खाणींत राबणाऱ्या, ओझीं उचलणाऱ्या मजुरांचें तें वस्त्र. खिळे मारले तेही खिसे फाटूं नयेत म्हणून. दीडशें वर्षांनीं तेंच वस्त्र मंत्रालयांत घालण्यास अयोग्य ठरलें, आणि तीन-चार महिन्यांनीं पुनः योग्य झालें. मधल्या काळांत कापड बदललें नव्हतें. तें घालून आलेल्या कारकुनाच्या हातून फायली अधिक वेगानें हलत होत्या कीं मंदपणें, याची चौकशी कोणीं केल्याचें ऐकिवांत नाहीं. नियम करतांना ज्या वस्तूचें नांव घ्यावयाचें तिच्यांत नेमका दोष कोणता, हें सांगतां येत नसेल तर तें नांव कागदावर न उतरविलेलें बरें.

मग पोशाखाचा नियम मुळांत हवाच कशास, असा प्रश्न येतो. कांहीं ठिकाणीं तो निःसंशय हवा. १९४८ च्या कारखाने कायद्यांत, चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे असावेत अशी अट होती. सैल धोतराचा सोगा पट्ट्यांत सांपडून किती जीव गेले असतील तें गिरणगांवच्या जुन्या माणसांस ठाऊक होतें. त्याच कलमांत आणखी चार शब्द होते, जे कचेरीच्या व्यवस्थापकांनीं चौकटींत लावून ठेवावे असे आहेत: हे कपडे कारखान्याच्या मालकानें पुरवावेत. ज्याच्या कामासाठीं कपडा, त्याच्या खिशांतून त्याचा पैसा. दवाखान्यांतील परिचारिका, टपाल वाटणारा पोस्टमन, एस. टी.चा कंडक्टर यांचे गणवेश ओळखीसाठीं असतात. गर्दींत कोणास हांक मारावी हें अनोळखी माणसास कळलें पाहिजे. याविषयीं वाद नाहीं.

वाद आहे तो शोभेविषयीं. बँकेंतील कारकून, विमा कंपनींतील टंकलेखिका, शाळेंतील शिक्षक यांच्या कपड्यांमुळें कोणाच्या जिवास धोका पोंचत नाहीं आणि बहुधा त्यांस ओळखण्याची अडचणही नसते. तेथें नियमाचा हेतु एकच: पाहणाऱ्यास बरें वाटावें. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण घरोघर बोलली जाते आणि ती अगदींच खोटी नाहीं. आयुष्याची पुंजी बँकेंत ठेवावयास आलेल्या म्हाताऱ्या विधवेस खिडकीपलीकडील माणूस मळकट, दाढी वाढलेला, गुंड्या उघड्या टाकलेला दिसला तर तिचें मन कचरेल, आणि तिचें कचरणें रास्त आहे. पोशाखाचा परिणाम घालणाऱ्यावरही होतो. बी. बी. सी.चे नभोवाणी-निवेदक एके काळीं संध्याकाळच्या प्रक्षेपणास मेजवानीचा काळा कोट घालून ध्वनिक्षेपकापुढें बसत, आणि तो कोट पाहणारा श्रोता जगांत एकही नव्हता! २०२० नंतर घरबसल्या कामाच्या दिवसांत याची दुसरी बाजू दिसली. कॅमेऱ्यांत येणाऱ्या कंबरेच्या वर इस्त्रीचा शर्ट, आणि खालीं घरचा लेंगा. कामें दोन्ही तऱ्हेनें झालीं.

शोभेचा नियम हवेशीं भांडूं लागला म्हणजे मात्र त्याचें हसें होतें. वकिलांचा काळा कोट आणि पांढरी पट्टी हा इंग्लंडच्या थंडींतून आलेला वेष. नागपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां त्या कोटाखालीं काय होत असेल याची कल्पना करावी. वकील मंडळाच्या नियमांनींच आतां अशी मोकळीक ठेविली आहे कीं, सर्वोच्च व उच्च न्यायालयें सोडून इतरत्र उन्हाळ्यांत काळा कोट सक्तीचा नाहीं. जपाननें याहून धीट पाऊल टाकलें. कचेरींतील गळपट्टा आणि कोट हा तेथें सभ्यतेचा कळस मानला जात असे. २००५ च्या उन्हाळ्यांत तेथील पर्यावरण मंत्रालयानें सांगितलें कीं, कचेरींतील थंड हवेचें यंत्र २८ अंशांवर ठेवावें आणि कर्मचाऱ्यांनीं कोट व गळपट्टा काढून काम करावें. नुसतें परिपत्रक काढून भागणार नव्हतें. पाहुण्यापुढें गळपट्ट्यावांचून जाणें म्हणजे त्याचा अपमान, ही भीति हाडींमासीं खिळलेली. म्हणून पंतप्रधान कोइझुमी आणि त्यांचे मंत्री स्वतःच उघड्या गळ्यानें लोकांपुढें आले. वरिष्ठांनीं आधीं गळा मोकळा केला, तेव्हां कनिष्ठांस धीर आला. हिंदुस्थानांत पुष्कळदां याच्या उलट घडतें. ज्या व्यवस्थापकाच्या खोलींत थंड हवेचें यंत्र आहे तो गळपट्ट्याचा नियम करतो, आणि ज्याच्या डोक्यावरचा पंखा कुरकुरतो तो तो पाळतो.

स्त्रियांच्या पोशाखाकडे वळलें कीं नियमकर्त्यांच्या लेखणीस विशेष स्फुरण चढतें. पुरुषाविषयीं दोन ओळी, स्त्रियांविषयीं दहा, हें प्रमाण बहुतेक परिपत्रकांत सांपडेल. लंडनमध्यें २०१५ च्या डिसेंबरांत एका मोठ्या पेढीच्या स्वागतकक्षांत कामावर आलेल्या एका तरुणीस सांगण्यांत आलें कीं, दोन ते चार इंच उंच टांचेचे जोडे घालून ये. तिच्या पायांत सपाट जोडे होते. पुरुषांसही हाच नियम आहे काय, असें तिनें विचारलें, आणि तिला बिनपगारी घरीं पाठविण्यांत आलें. तिनें पार्लमेंटकडे अर्ज केला. त्यावर दीड लाखाहून अधिक लोकांनीं सह्या केल्या आणि २०१७ च्या मार्चमध्यें त्या अर्जावर पार्लमेंटमध्यें चर्चा झाली. सरकारनें नवा कायदा केला नाहीं. समानतेचा जुना कायदा पुरेसा आहे असें सांगितलें आणि पुढील वर्षीं मार्गदर्शक सूचना काढल्या. टांचेच्या दोन इंचांवर एका राष्ट्राच्या लोकसभेचा वेळ खर्च व्हावा हें हास्यास्पद म्हणणाऱ्यांनीं त्या टांचेवर आठ तास उभें राहून पाहावें.

साडीची गोष्टही निराळी नाहीं. शिक्षिकेनें साडीच नेसली पाहिजे, हा आग्रह अनेक शाळांतून वर्षानुवर्षें चालत आला. केरळ सरकारनें २०२१ सालीं स्पष्ट केलें कीं, शिक्षिकांवर साडीची सक्ति करूं नये. महाराष्ट्रांत मार्च २०२४ च्या शासन निर्णयानें शिक्षकांसाठीं जो पोशाख सुचविला त्यांत स्त्रियांना साडी किंवा सलवार-चुडीदार असे पर्याय ठेविले आहेत आणि पुरुषांनीं शर्ट पाटलोणींत खोंवलेला असावा असें सांगितलें आहे. रंग कोणता, तें शाळांनीं ठरवावयाचें. सकाळीं डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडींत लोंबकळत येणारी बाई कोणत्या वस्त्रांत सुरक्षित राहील, हें त्या बाईस समितींतल्या सभासदांपेक्षां अधिक कळतें.

परंतु पोशाखाची निवड ही नुसती सोयीची बाब नसते, हें महाराष्ट्रास एका थोर पुरुषानें शिकविलें आहे. १९२७ च्या डिसेंबरांत महाड येथील सत्याग्रह परिषदेच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं तेथें जमलेल्या अस्पृश्य समाजांतील स्त्रियांपुढें भाषण केलें. लुगडें नेसण्याची त्यांची विशिष्ट तऱ्हा आणि अंगावरील ओबडधोबड दागिने हीं अस्पृश्यतेची ओळखण्याची खूण होऊन बसलीं आहेत, तीं टाका; वरच्या म्हणविणाऱ्या वर्गांतील स्त्रिया नेसतात तसें नेसा; वस्त्र फाटकें असलें तरी चालेल, स्वच्छ असावें. अमुक जातीनें अमुकच वस्त्र, अमुकच धातूचा दागिना, हा अलिखित नियम या देशांत शेंकडों वर्षें होता, आणि तो मोडण्यासाठीं माणसांस मार खावा लागला. त्या समाजांतील पहिल्या पिढीचा मुलगा कचेरींत कोट घालून आला तेव्हां त्या कोटाचा अर्थ शेजारच्या टेबलावरील कोटापेक्षां निराळा होता. म्हणून 'साधेपणाच्या' नांवाखालीं कोणाचे चांगले कपडे उतरविणें आणि 'रुबाबाच्या' नांवाखालीं कोणावर महाग कपडे लादणें, या दोन्ही गोष्टी करण्यापूर्वीं समोर कोण उभा आहे हें पाहिलें पाहिजे.

धर्माच्या खुणांविषयींही तेंच. इंग्लंडांतील वुल्व्हरहॅम्प्टन शहरांत १९६७ सालीं बस चालविणारा एक शीख आजारपणाच्या रजेनंतर दाढी राखून व पगडी बांधून कामावर आला. वाहतूक समितीच्या नियमांत तें बसत नसल्यामुळें त्यास घरीं पाठविलें. वाद पेटत गेला, मोर्चे निघाले, नियम बदलला नाहीं तर स्वतःस जाळून घेईन अशी धमकी एका शीख पुढाऱ्यानें दिली. अखेर एप्रिल १९६९ मध्यें समितीनें माघार घेतली. जवळजवळ दोन वर्षें एका शहराची शांति त्या नियमानें घालविली. पगडीमुळें बस चालविण्यांत कोणता अडथळा येतो, एवढा एक प्रश्न पहिल्याच दिवशीं विचारला असता तर?

आतां एखाद्या शहरांतील मध्यम आकाराच्या सहकारी बँकेचें उदाहरण घ्यावें. शंभर-सव्वाशें नोकर, त्यांत चाळीस स्त्रिया, पंधरा शिपाई, कांहीं कंत्राटी मुलें. संचालकांनीं पोशाखाचा नियम करावयाचें ठरविलें आहे. पहिली अडचण भाषेची. 'सभ्य', 'शालीन', 'शोभेल असा' हीं विशेषणें कागदावर भारदस्त दिसतात, परंतु त्यांचा अर्थ शाखाधिकाऱ्यागणिक बदलतो, आणि मग नियम राहतो बाजूस, शाखाधिकाऱ्याची आवडनिवड तेवढी राहते. विशेषणें गाळून वस्तूंचीं नांवें लिहावीं: कोणते कपडे चालतील त्यांची यादी मोठी असावी, कोणते चालणार नाहींत त्यांची अगदीं थोडी. स्वच्छ, न फाटलेलें, अंगास बसणारें, एवढें लिहिलें तरी निम्मी शोभा साधते. पुरुषांसाठीं जितक्या ओळी, तितक्याच स्त्रियांसाठीं.

दुसरी अडचण पैशाची, आणि हीच खरी. सर्वांनीं एका रंगाचे कपडे घालावे असें ठरलें, तर दोन जोड्यांनीं भागत नाहीं. मुंबईच्या दमटपणांत व धुळींत तीन तरी लागतात. शाखाधिकाऱ्यास हा खर्च कळणारही नाहीं. कंत्राटी मुलाच्या एका महिन्याच्या पगारांतून तो गेला तर त्या महिन्यांत घरीं काय कमी पडेल याचा हिशेब संचालकांनीं मांडावा. केंद्र सरकारनें आपल्या नोकरांचे गणवेश, धुलाई, जोडे वगैरेंचे निरनिराळे भत्ते २०१७ सालीं एकत्र करून वार्षिक पोशाख-भत्ता ठरविला. बँकेस गणवेश पाहिजे असेल तर तिनेंही भत्ता द्यावा किंवा कापड व शिलाई द्यावी. तें देणें नसेल तर गणवेशाची भाषा सोडून द्यावी. आणि नियम लागू करण्याची तारीख पगाराच्या तारखेनंतरची असावी, आधींची नव्हे. ही गोष्ट सुचण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं, परंतु ती बहुधा सुचत नाहीं.

नियम लिहिण्यापूर्वीं ज्यांनीं तो पाळावयाचा त्यांपैकीं चार-पांच जणांस बोलवावें, त्यांत दोन स्त्रिया व एक शिपाई असावाच. सल्ला विचारला म्हणजे मालकी जाते अशी कित्येक संचालकांस भीति वाटते. वास्तविक शिपायास विचारलें तर कोणतें कापड लवकर विटतें, कोणत्या रंगावर शाईचे डाग दिसतात, आणि उन्हाळ्यांत कोणतें अंगास चिकटतें, हें तो पांच मिनिटांत सांगेल.

राहतां राहिला, नियम मोडणारा. त्यास चारचौघांत बोलूं नये आणि घरीं पाठवूं नये. घरीं पाठविलेल्या दिवसाचा पगार कापला तर तो दंड झाला, आणि एवढ्यासाठीं दंड फार. पुरुषास पुरुषानें, स्त्रीस स्त्रीनें बाजूस घेऊन एकदां सांगावें. बहुतेकदां कारण साधें निघतें: इस्त्रीवाला गांवीं गेला, घरीं आजारपण, पाणी आलें नाहीं.

पावसाळ्याचा उल्लेख बहुतेक नियमावलींत नसतो. जूनपासून चार महिने कोंकणपट्टींत चामड्याचा बूट घालून घराबाहेर पडणें म्हणजे बुटाचा आणि पायाचा दोघांचाही नाश. शहाणे नोकर रबरी चपला घालून येतात आणि टेबलाच्या खणांत एक कोरडा जोड ठेवतात. बँकेनें दाराशीं ओल्या चपलांसाठीं एक लाकडी मांडणी आणि छत्र्यांसाठीं एक पत्र्याचें पिंप ठेवावें, आणि पायांतील जोड्यांचा नियम सप्टेंबर संपेपर्यंत स्थगित आहे असें त्याच सूचनेच्या तळाशीं लिहावें.